काळी शाई, निळी शाई आणि पेन्सिल

मी खोली बघायला गेले तेव्हा म्हाताऱ्या घरमालकांनी भाडं सांगितलं नाही, नोकरी विचारली नाही, फोडणी फार घालतेस का तेही विचारलं नाही. दारात काठी टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "तुझ्या पणजोबांचं नाव काय?"

आयर्लंडमध्ये, लिक्सलिपच्या कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यात लागून मला पाच आठवडे झाले होते. एकेका खोलीला तीस-तीस माणसांची रांग, हातात पगाराच्या स्लिपा, चेहऱ्यावर नम्र हसू. मला त्या हसण्याचा कंटाळा आला होता. मी सरळ म्हणाले, "माहीत नाही."

"आजोबांच्या वडिलांचं नाव माहीत नाही?"

"नाही. आमच्यात लिहिणारं कुणी नव्हतं. लिहायला लागलेली मी पहिली."

ते बाजूला सरले. "ये आत. तुझ्याआधी दोघं येऊन गेले. दोघांनी नावं सांगितली. कागद आहे का विचारलं तर हसायला लागले. तू निदान माहीत नाही म्हणालीस."

अशी मला ती खोली मिळाली. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी कुठेही सांगते, कारण मला सांगायला आवडतं. पण ती पदवी घेताना एवढंच शिकले होते की 'माहीत नाही' लिहिलं की गुण जातात. त्याच दोन शब्दांवर डोक्यावर छप्पर मिळेल असं वाटलं नव्हतं.

त्यांना काय म्हणायचं हा पहिला प्रश्न. इकडे ऐंशीच्या माणसालाही नुसत्या नावाने हाक मारतात. माझी जीभ वळेना. मी 'सर' म्हणायला लागले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला थांबवलं. "सर ही पदवी राजा देतो. माझ्याकडे तसा कागद नाही." मग मी 'काका' म्हणाले. अर्थ विचारला, मी सांगितला. म्हणाले, "वडिलांचा भाऊ. खोटंच आहे, पण कुणाचं नुकसान होत नाही. ग्रँड." ग्रँड म्हणजे इकडे 'चालेल'. गावात मात्र त्यांचं नाव कुणी घेत नसे. दुकानातली बाई मला विचारायची, "युअर मॅन कसा आहे?" म्हणजे तुझा तो म्हातारा कसा आहे. काका अर्थात इंग्रजीतच बोलत, तेही जाड आयरिश इंग्रजी. मला ते आता मराठीतच आठवतं.

घर म्हणजे एका मोडक्या इस्टेटीच्या फाटकावरची देवडी. पहारेकऱ्याची, दगडी, खाली दोन खोल्या आणि वर एक, ती माझी. फाटकातून आत चालत गेलं की लॉर्डचा महाल लागायचा. महाल म्हणजे त्याची पुढची भिंत. बाकीचा काकांच्या आजोबांच्या काळात जळाला. भिंतीला खिडक्यांच्या तीन ओळी आणि प्रत्येक खिडकीत आभाळ.

हा लॉर्ड अठराव्या शतकातला. घराणं मूळचं इंग्रज, पण जन्मला इथे, जमिनी इथे, डब्लिनच्या जुन्या संसदेत बसायचा आणि मेलाही इथेच. त्याच्या फाटकाची कडी उघडणारा माणूस काकांच्या घराण्यातला. तेव्हापासून हे घर त्यांच्याकडे. काका स्वतः चौदाव्या वर्षी शाळा सोडून पुढे डब्लिनमध्ये बस चालवत होते. लग्न केलं नाही. आठवड्याची सुट्टी आली की जाऊन एका ग्रंथालयात बसायचे, आणि लॉर्डच्या बायकोने तिच्या बहिणीला लिहिलेली पत्रं हाताने उतरवून घ्यायचे. तीस वर्षं हेच केलं. स्वयंपाकघरात कपबशांसाठी एक प्रेस होती. प्रेस म्हणजे इकडे कपाट. तिच्यात एकही कपबशी नव्हती. वरपासून खालपर्यंत वह्या. कपबश्या खिडकीत.

वह्यांत तीन प्रकारचं लिखाण असायचं. कागदावर मिळालं ते काळ्या शाईत. बहुतेक तसंच झालं असावं, ते निळ्या शाईत. आणि कुणीतरी सांगितलेलं, ऐकलेलं, ते पेन्सिलने. पेन्सिलचं निळं झालेलं मी दोनदा पाहिलं. निळ्याचं काळं एकदा. त्या दिवशी त्यांनी केक आणला होता.

मला नवल वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. त्या घरात दोन कॅलेंडरं चालायची. सकाळी चहाबरोबर काका त्या तारखेचं पत्र वाचायचे आणि तो दिवस तसा काढायचे. मी कामाला निघताना बूट घालतेय आणि ते आतून सांगतायत, "आज लॉर्डची दाढ दुखतेय. मोठ्याने बोलू नकोस." एका मार्चमध्ये लॉर्डच्या चार पोरांना गोवर आला, तर तीन दिवस मला बार्लीचं पाणी प्यावं लागलं. मी म्हणाले, "काका, ती मुलं मोठी होऊन, म्हातारी होऊन मेली." "त्यातली चौथी नाही झाली," ते म्हणाले आणि पेला पुढे केला.

एकदा बस चुकेल म्हणून मी महालाच्या पटांगणातून आडवी धावत गेले. संध्याकाळी काका गंभीर. "आज तू जेवणघराच्या भिंतीतून गेलीस."

"तिथे गवत आहे, काका."

"गवत आत्ता आहे. दार डाव्या हाताला आहे, चार पावलांवर. तेवढा वेळ असतो माणसाकडे."

पुढे मी दारातूनच जायला लागले. एकदा मैत्रिणीला घेऊन गेले आणि तिला म्हणाले, इकडून, ती भिंत आहे. ती माझ्याकडे बघतच राहिली.

लॉर्डबद्दल त्यांना प्रेम होतं असं म्हणता येणार नाही. "मी त्याचा वकील नाही," हे ते नेहमी सांगत. लॉर्ड तरुणपणी रोमला गेला आणि संगमरवरी पुतळे म्हणून दोन पेट्या भरून आणल्या. उघडल्या तर नुसते पाय. तेही त्याने जिन्यावर मांडले. महाल बांधताना पुढच्या बाजूला खिडक्यांवर खिडक्या काढल्या आणि मागची भिंत सपाट सोडली, कारण रस्ता पुढून जातो. लॉर्ड व्हायच्या आधी संसदेत तो ज्या गावाचा प्रतिनिधी होता, तिथले मतदार म्हणजे त्याच्याच घराण्याची कुळं. सभागृहात बसून वर्षानुवर्षं एक अक्षर बोलला नाही. एकदा बोलला ते, "ती खिडकी लावा, वारा येतोय." मी हसले. काका हसले नाहीत. "काळी शाई आहे," म्हणाले.

पुढे डब्लिनची ती संसदच बरखास्त करून सगळा कारभार लंडनला न्यायचं ठरलं. त्यासाठी संसदेनेच स्वतःविरुद्ध मत द्यायचं होतं. ज्यांनी दिलं त्यातल्या कितीकांना वरच्या पदव्या मिळाल्या. आमचा लॉर्ड त्यात. आधी साधा लॉर्ड होता, मग अर्ल झाला. "विकला गेला," काका म्हणायचे, "आणि भाव चांगला आला." त्याचा दुसरा मुलगा कंपनीच्या फौजेत हिंदुस्थानात गेला होता. हे सांगताना काका जरा चाचरले. "त्याने तुमच्याकडे काय केलं ते पत्रात नाही. तुला माहीत असेल तर सांग, मी पेन्सिलने लिहितो." मी म्हणाले, आमच्याकडे लिहिणारं कुणी नव्हतं. ते म्हणाले, "हो. तू सांगितलं होतंस," आणि मान खाली घातली. इंग्रजांनी केलेल्या गोष्टीबद्दल माझ्यासमोर मान खाली घालणारा तो पहिला माणूस, आणि तो इंग्रज नव्हता.

माझं पदवीचं प्रमाणपत्र त्यांनी मागून घेतलं होतं. प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून काढलं, खिडकीपाशी नेलं, उजेडात धरलं, मागून पाहिलं. कारखान्याने त्याची फक्त झेरॉक्स घेतली होती. काकांनी दहा मिनिटं घेतली. "चांगला कागद आहे," ते म्हणाले. मग मधल्या नावावर बोट ठेवलं. "हे कुणाचं?"

"वडिलांचं. आमच्याकडे प्रत्येकाच्या नावात मध्ये वडील असतात."

"प्रत्येकाच्या?"

"प्रत्येकाच्या."

"लॉर्डला अकरा मुलं होती," काका म्हणाले, "आणि एकाच्याही नावात तो नाही."

वडील काय करतात हेही त्यांनी विचारलं. मी खरं सांगितलं, कारण काकांपुढे दुसरं काही टिकलं नसतं. आप्पा पाथरवट. कराडकडे गावोगाव फिरून पाटे-वरवंटे, जाती घडवायचे, झिजलेल्यांना टाकी लावून द्यायचे. मिक्सर आल्यावर ते बुडालं, मग देवळांच्या पायऱ्या आणि फरश्या. ऑफिसात मी 'बांधकाम क्षेत्रात आहेत' म्हणायचे. माझ्याइतकी स्पष्ट बोलणारी, पण तेवढं एक मी गुळगुळीत करून ठेवलं होतं.

अकरा मुलं. त्यातल्या दहांचे दगड गावच्या चर्चच्या तळघरात, आईबापाच्या शेजारी. अकरावी, सगळ्यात धाकटी, एलिनॉर, तिथे नव्हती. कुठेच नव्हती.

पत्रांत ती सहा वर्षांची झालेली दिसते. चेरी खाऊन बिया खिशात ठेवते, घोड्यांना घाबरत नाही. मग हिवाळ्यात एक पत्र येतं. एलिनॉरला ताप आहे, लॉर्ड मत द्यायला डब्लिनला गेलेत, गाडी पाठवा म्हणून माणूस धाडला आहे. त्यानंतर चाळीस दिवस पत्र नाही. चाळीस दिवसांनी जे येतं त्यात बागेच्या बियाण्याबद्दल लिहिलेलं. एलिनॉर हे नाव त्या बाईने पुढे आयुष्यभर लिहिलं नाही. ते चाळीस दिवस आमच्या घरातही चहाबरोबर काही वाचलं जायचं नाही. काका नुसते बसायचे. पहिल्या वर्षी मला ते विचित्र वाटलं. दुसऱ्या वर्षी मीही गप्प बसायला लागले.

त्याच वसंतात लॉर्डने ही देवडी फाटकवाल्याला कायमची दिली, त्याला आणि त्याच्या वंशाला. त्याचा कागद आहे; का दिली ते कागदात नाही. काकांची आजी मात्र एक सांगायची, आणि ते वहीत पेन्सिलने होतं, खाली दोनदा रेघ मारलेली: हे घर आपल्याला गप्प राहण्याबद्दल मिळालं.

एका पावसाळी रविवारी काकांनी मला ते पान दाखवलं. "माझा सगळा खटाटोप ह्याच्यासाठी आहे," ते म्हणाले. "पोरगी कुठे आहे? आणि आमच्या माणसाने तिला कुठेतरी टाकून देऊन हे घर घेतलं का? मी याच घरात जन्मलो. मला माहीत असायला हवं की मी कशात राहतो." त्यांनी महालाचे, तबेल्याचे, विहिरीचे सगळे दगड अक्षरांसाठी तपासले होते. एकावरही अक्षर सापडलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी त्यांचे डोळे गेले. पूर्ण नाही, मधोमध डाग पडला. कडा दिसायच्या, मधलं दिसायचं नाही. समोरच्या माणसाचे कान दिसतात आणि चेहरा नाही, असं सांगायचे. पत्र वाचायचं काम माझ्याकडे आलं. स्लायगोला त्यांची भाची हॉस्पिटलात नर्स होती. ती आली, घर पाहिलं, त्यांच्या भाजलेल्या बोटांकडे पाहिलं आणि म्हणाली, आता माझ्याकडे चला. देवडी विकली. घेणारा मागच्या शेतात घरं बांधणार होता. त्याला फाटक रुंद हवं होतं, म्हणजे देवडी पाडणार. ऑगस्टच्या अखेरीस रिकामी करायची. काका एवढंच म्हणाले, "म्हणजे न कळताच जायचं."

त्याच जुलैत आप्पा आले. आई आली नाही. म्हशीकडे कोण बघणार, म्हणाली. आप्पांना विमानतळावरून आणलं. मी पुढे, उंबऱ्यावर बूट ठेवून आत. मागे बघते तर आप्पा बाहेरच. वाकून उंबऱ्याला हात लावला, कपाळाला लावला आणि त्याच्यावरून लांब ढांग टाकून आत आले. मी दोन वर्षं त्या उंबऱ्यावर नाचले होते.

"काय केलं त्यांनी?" काकांना कडेने दिसलं होतं.

"आमच्याकडे उंबऱ्यावर पाय देत नाहीत."

"माझे आजोबा असेच यायचे," काका म्हणाले. "लांब पाऊल टाकून. आजी चिडवायची त्यांना, घोड्यावर बसताय का म्हणून."

दोघांचं जमलं. एकाला दुसऱ्याचा शब्द कळत नव्हता, पण सकाळी दोघं बाकावर बसून एकाच दिशेला बघायचे. आप्पा मला 'धोंडी' म्हणून हाक मारायचे. घरातलं नाव. पाथरवटाची पोर म्हणून धोंडी, असं मी धरून चालले होते, आणि मला ते कधी आवडलं नव्हतं. इथे तरी खऱ्या नावाने हाक मारा, असं मी दोनदा सांगून पाहिलं.

चौथ्या दिवशी मी कामावरून आले तर आप्पा उंबऱ्यापाशी उकिडवे बसलेले.

"धोंडे, ह्यो कुणी बसिवला?"

"काय की. जुना आहे, आप्पा."

"जुना हाय ते दिसतंय. पालथा हाय."

"म्हणजे?"

"माणूस पोटावर झोपतो तसा. ही वरची त्याची पाठ हाय. बग की, टाकीचं ठोकं कसं आडवंतिडवं हायती. नुसता टाचून सोडलाय. आन ही खालची कड बग, गोल घोटलीया. उंबऱ्याला कोण खालनं गोलाई काढतं का? मातीला दाखवायला?" त्यांनी हातोडीने तीन ठिकाणी हलकेच टोकलं, कान लावला. "तोंड खाली हाय ह्येचं. चौकटीचा भार बी न्हाय वर. चौकट झाल्यावर मागनं सरकवलाय."

काका खुर्चीत बसून होते. "काय म्हणतायत?"

मी सांगितलं.

काका सवयीने म्हणाले, "कागद आहे का?"

"काय म्हणत्यात?" आप्पांनी विचारलं.

"पुरावा मागतायत."

"मग पहार आण म्हणावं."

पहार शेजारच्या शेतातून आणली. आप्पा साठीच्या पुढचे, पण दगड उचलायचा नसतो, त्याला उठायला लावायचं असतं, हे त्यांना माहीत होतं. ते एका बाजूने तसूभर उठवायचे, मी खाली लाकडाचा तुकडा सरकवायचे. काका उभे होते, एक हात दाराच्या चौकटीवर. दगड उभा राहिला तेव्हा त्याची खालची बाजू आमच्याकडे होती. ती बाजू गुळगुळीत होती. मधोमध, लहान अक्षरांत, एक नाव होतं. कालच कोरल्यासारखं.

मी वाचलं नाही. काकांचा हात धरून त्यांना खाली बसवलं आणि बोटं त्या अक्षरांवर ठेवली. ते एकेक अक्षर करत गेले. शेवटपर्यंत गेले आणि पुन्हा पहिल्यापासून. मग विचारलं, "आडनाव?"

"नाही."

"कुणाची मुलगी, किती वर्षांची?"

"काही नाही, काका. फक्त एलिनॉर."

मला वाटलं आता केक आणावा लागेल. पण ते म्हणाले, "म्हणजे आजी खरं सांगत होती. आमच्याच माणसाने लपवलं. पायाखाली."

हे मी आप्पांना सांगितलं. आप्पा मान हलवायला लागले.

"न्हाय न्हाय. सांग त्यास्नी. लपवायचं असतं तर दोन घावात अक्षर उडतं. दगूड फोडून भिंतीत घातला असता. ह्येनं काय केलंय बग." त्यांनी खड्ड्यातली चिमूटभर वाळू माझ्या तळहातावर ठेवली. "चाळलेली हाय. एक खडा न्हाय. अक्षराला काय टोचू नये म्हणून. ह्या देशात दगूड उघड्यावर ठेवला की पाऊस खातो. देवळाभवतीचं दगूड बगितलंस न्हवं, एकाचं तोंड ऱ्हायलं न्हाय. पाऊस पायापरीस वाईट. ज्यानं बसिवला त्याला दगूड कळत हुता. त्यानं जपलीया तिला."

मी वाक्यागणिक इंग्रजीत सांगत गेले. काकांनी वाळूला हात लावला, बोटांत चोळली. "आणि आजोबा लांब ढांग टाकून जायचे," ते हळूच म्हणाले. पुढे म्हणाले, "का इथे, ते मात्र माहीत नाही."

मला एक सुचत होतं. लॉर्ड डब्लिनला निघाला की त्याची गाडी याच फाटकातून जायची, दर वेळी. तिच्या आईनेच तिला इथे ठेवायला सांगितलं असेल, त्याला दर वेळी तिच्यासमोरून जावं लागावं म्हणून. मी ते बोलून दाखवलं. काका म्हणाले, "पेन्सिलने लिही."

आणखी खाली आप्पांनी खणू दिलं नाही; खाली पोर असंल, म्हणाले. पुढे चर्चचे पाद्री आले, सरकारी माणसं आली, फिती लागल्या, आणि रुंद फाटक दुसऱ्या बाजूने काढायचं ठरलं. एलिनॉरचा दगड आता चर्चच्या आत आहे, पाऊस लागणार नाही असा. काका ठरल्याप्रमाणे स्लायगोला गेले, तिथेच वारले. वह्या माझ्याकडे आहेत. पण मला सांगायचंय ते त्याच दुपारचं.

दगड उभा होता, आम्ही तिघं जमिनीवर बसलो होतो. काकांनी विचारलं, "वाळू अक्षर जपायला घालतात, हे ह्यांना कसं माहीत? ही त्यांच्या धंद्यातली रीत आहे का?"

मी विचारलं. आप्पा वाळूकडे बघत म्हणाले, "रीत न्हाय. म्या एकदा घातली हुती."

"कुठं?"

"खाणीच्या कडंला. तुज्या आदी एक झाली हुती. नऊ दिसाची गेली. ल्हान पोराला जाळत न्हाईत, पुरत्यात. वर जनावर उकरंल म्हणून दगूड घडीवला. बारशाला पाळणा कराया घेतला हुता लाकडाचा, त्यो ऱ्हायला. मग दगडावरच पाळणा काढला. तोंड खाली करून वाळूवर ठिवला. तुझी आई शेळ्या घिऊन तिकडनंच जाती, तिला दिसू नये म्हणून. मग तू झालीस. तू जगावीस म्हणून धोंडी."

मला हे पहिल्यांदा कळत होतं. आणि काका माझ्या कानाकडे बघत थांबले होते, मी सांगेन म्हणून. मी सांगितलं. एकेक वाक्य, जसं आलं तसं. पाळणा या शब्दापाशी थांबले, मग तोही सांगितला.

काका म्हणाले, "माझी वही आण. काळं पेन आण."

मी आणलं. "काका, ह्याचा कागद नाही. जन्माचा नाही, मरणाचाही नाही."

"तुझे वडील समोर बसलेत," ते म्हणाले. "माणसं भेटत नाहीत म्हणून मी कागद मागतो. नाव काय तिचं?"

"बारसं व्हायच्या आधी गेली. नाव नाही."

"मग जे आहे ते लिही. मला ओळ दिसणार नाही. तू लिही."

एलिनॉरच्या पानाच्या शेजारचं पान कोरं होतं. मी पहिल्या नावाची जागा मोकळी सोडली. मग आप्पांचं नाव लिहिलं, मग आमचं आडनाव. काळ्या शाईत.

आप्पांना वाचता येत नाही. ते वाकले, शाईला बोट न लावता अगदी जवळून बघितलं आणि विचारलं, "खोल हाय का?"

"व्हय आप्पा," मी म्हणाले. "खोल हाय."